सुदानला निघण्याआधी, जळगावातच

ठिबकच्या कामावर मी सुदानच्या राजधानीत, खार्तुमला होतो. १५ एप्रिल २०२३ ला, रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळीच गोळीबार सुरू झाला. आपल्याकडची पोरं अजूनही अशा देशांत कामाला निघतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

आम्ही सहा जण घरातल्या मधल्या बोळात सरकलो. खिडकीपासून लांब, रस्ता आणि आपण यांच्यात दोन भिंती, हे त्या दिवशी शिकलो. नळ चालू होता तोवर बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवला. तो शहाणपणा उपयोगी पडला, कारण दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि पाठोपाठ पाणी. खान्देशातल्या माणसाला त्रेचाळीसचं ऊन नवं नाही, पण पंखा बंद आणि पाणी मोजून प्यायचं, म्हटल्यावर ते अंगावर येतं. एकाला जुलाब लागले. एक लिटर उकळलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, तोच अर्धा चमचा मीठ, घोट घोट देत राहिलो. फोन लागला तेव्हा माय एवढंच म्हणाली, "भाऊ, पानी उकाळीसन पेजो."

गेल्या गेल्या दूतावासात नाव नोंदवा. आमची नोंद होती, म्हणूनच पोर्ट सुदानच्या बसचा निरोप आम्हाला मिळाला. तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा, मग विमान. वाटेत चौकीवर मोबाईल खिशातच ठेवा, सैनिकांचा फोटो चुकूनही काढू नका. रस्त्याकडेला पडलेल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला हात लावू नका.

दहावी न झालेल्यांना सुदानसाठी ई-मायग्रेटची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवरची, मंजुरी लागते. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवतो म्हणणाऱ्या एजंटला सरळ नाही म्हणा. विम्याच्या कागदात 'युद्ध' वगळलंय का ते वाचा, बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. मग सुटकेचा खर्च कोणाचा, हे कंपनीकडून लेखी घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभर जादा न्या, चिठ्ठीसकट. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि परतल्यावरही सांगतील तितके दिवस चालू ठेवा.

पिवळ्या तापाची लस मात्र अधिकृत केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. ते पासपोर्टलाच रबर लावून ठेवा. माझ्या चोपड्याच्या सोबत्याकडे कार्ड नव्हतं. एवढ्यातून जिवंत सुटला आणि मुंबईत उतरल्यावर त्याला सहा दिवस विलगीकरणात ठेवलं. त्याची बायको दोन लेकरं घेऊन विमानतळावर आली होती. तिला ते मलाच सांगावं लागलं.