बेन थान मार्केटला जाताय? सकाळीच जा

व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीतलं बेन थान मार्केट १९१४ सालचं. सकाळी लवकर गाठा, दुपारी छपराखाली जीव उकडून निघतो. घड्याळाच्या मनोऱ्याखालून शिरण्याआधी क्षणभर वर बघा. दारांवर मासे, बदकं, केळीचे घड अशी रंगीत भाजल्या मातीची सुरेख शिल्पं आहेत. घाईत सगळ्यांची ती हुकतात.

पैसे देताना मात्र शून्यं मोजाच. वीस हजार आणि पाच लाख डाँग, दोन्ही नोटा निळसर, प्लॅस्टिकच्या. मी पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवते. घासाघीस हसतमुखाने करा, निम्म्या भावापासून. शाकाहारी असाल तर ‘चाय’ म्हणा; तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. तरी माशाचा सॉस नाही ना, हे विचाराच.