आत्महत्या प्रतिबंधाचं सत्र घेताय? या चुका टाळा

१० सप्टेंबर, म्हणजे जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, जवळ आला की महाविद्यालयांना जाग येते. सभागृह भरतं, तासभर स्लाइड सरकतात, टाळ्या होतात. आणि त्याच आठवड्यात रूममेट रात्रभर टक्क जागा दिसला, तर त्याला काय विचारायचं हे सत्राला बसलेल्या मुलांना सुचत नाही. कारण आपण त्यांना माहिती देतो, सराव देत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. मी मुलांना जोड्यांनी बसवते. एकाने म्हणायचं, "आता सगळं संपलेलंच बरं." दुसऱ्याने विचारायचं. बहुतेक जण हमखास विचारतात, "ए, तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" या प्रश्नातच "नाही" हे उत्तर कोंबलेलं आहे. समोरच्याला कळतं की याला खरं ऐकायचं नाहीये, आणि तो गप्प होतो. त्याऐवजी साधं विचारायचं: "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतायत का?" एक मुलगी "आत्म"पाशी तीनदा अडखळली, हसली, मान खाली घातली. चौथ्यांदा वाक्य पुरं झालं, तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली आला होता. त्या चार प्रयत्नांसाठी वीस स्लाइड कापल्या तरी चालतील.

"असं थेट विचारून आपणच डोक्यात भरवलं तर?" ही शंका प्राध्यापकही काढतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात, विचारल्याने असे विचार वाढतात याला पुरावा आढळला नाही.

पुढची चूक म्हणजे प्रश्नापाशीच थांबणं. उत्तर "हो" आलं तर? इथे मुलं घाबरून "आईवडिलांचा तरी विचार कर" सुरू करतात. आधीच स्वतःला ओझं समजणाऱ्यावर आणखी एक ओझं. आधी ऐकू दे. मग कसं, कधी असं काही ठरवलंय का, हे विचारू दे. ठरवलं असेल तर एकटं सोडायचं नाही. समुपदेशकाकडे किंवा तातडीच्या मदतीकडे सोबत जायचं, नुसता नंबर पाठवून मोकळं व्हायचं नाही. "कुणाला सांगू नकोस हं" याचंही उत्तर पाठ करून घ्या: "जिवाचा प्रश्न असेल तर मी हे पोटात ठेवणार नाही. पण कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू." मित्राने डॉक्टर व्हायचं नाहीये, हेही स्पष्ट सांगा. नाहीतर चांगली मुलं रात्र रात्र एकटी झुंजत बसतात.

स्लाइडवर फासाचं चित्र, पद्धतीचं वर्णन, चिठ्ठीतल्या ओळी: सगळं काढून टाका. "नापास झाला म्हणून" असं एकच कारणही चिकटवू नका. सहसा अनेक गोष्टी साठत आलेल्या असतात. जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त माणसं अशी जातात, हा आकडा सांगायचा तर सोबत हेही सांगा, की असे विचार येणारे बहुसंख्य लोक जगतात. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये वर्तमानपत्रातल्या बातम्या तपासल्या. त्यात, असे विचार येऊनही सावरलेल्या माणसांच्या बातम्यांचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसला. म्हणून गोष्ट सांगायचीच तर सावरलेल्याची सांगा.

"भ्याडपणा", "प्रयत्न फसला" हे शब्द नकोत. आणि फळ्यावर लिहायचा हेल्पलाइन नंबर त्या सकाळी स्वतः लावून बघा. बंद नंबर देण्यापेक्षा न दिलेला बरा.

सत्रात अडचण आली तर? मुलं खिदळली तर रागावू नका, तो बहुतेकदा अवघडलेपणा असतो, थोडं थांबा. कुणी उठून बाहेर गेलं तर मागे जायला एक माणूस आधीच दाराशी बसवलेला असावा. खोलीत कुणाच्या तरी घरात हे घडलेलं असणारच, असं धरून चाला. कुणी प्रश्नच विचारत नसेल तर निनावी चिठ्ठ्या घ्या.

आणि संपल्यावर लॅपटॉप मिटून लगेच निघू नका. अर्धा तास रेंगाळा. सगळे गेल्यावर बॅगेची चेन उघड-बंद करत एखादा मागे राहतो आणि म्हणतो, "मित्रासाठी विचारायचं होतं." मित्राचं नाव विचारू नका. खुर्ची द्या, ऐका, आणि थोडं बोलणं झालं की तोच सरळ प्रश्न त्यालाही विचारा.