माहितीपट पाहून कैलास लेण्याकडे कसे जावे

माहितीपट पाहून एखादे ठिकाण खरोखर समजते, पण जेवताना तो समोर चालू ठेवून ते साधत नाही. त्यासाठी शेजारी वही हवी, स्थळाचा आराखडा हवा आणि निवेदक बोलत असताना त्याला मध्येच थांबवण्याची सवय हवी. ही रीत सांगण्यासाठी मी वेरूळचे कैलास, म्हणजे तिथल्या ३४ लेण्यांपैकी १६ क्रमांकाचे लेणे निवडले आहे, कारण त्याच्याविषयी अभ्यासपूर्ण, अर्धवट आणि निव्वळ ऐकीव असे सगळेच पडद्यावर सांगितले गेले आहे आणि पाहणाऱ्याला ते निवडून वेगळे करावे लागते.

शक्यतो दोन माहितीपट घ्यावेत, एक जुना आणि एक अलीकडचा. फिल्म्स डिव्हिजनने १९४८ पासून केलेल्या कामात आणि दूरदर्शनच्या जुन्या संग्रहात वारसास्थळांवरचे बरेच चित्रण आहे; त्यात ड्रोन नाही, संगीताचा मारा नाही आणि कॅमेरा एका शिल्पावर पुष्कळ वेळ थांबतो, हा त्याचा मोठा गुण. पहिल्या वेळी माहितीपट सलग पाहावा. दुसऱ्या वेळी वहीत तीन रकाने आखावेत: काय दाखवले, काय सांगितले आणि ते कशाच्या आधारावर सांगितले. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो, आणि खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

उदाहरणार्थ, हे लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने आठव्या शतकात कोरवले, या विधानाला आधार आहे. वडोद्याला मिळालेल्या, इ. स. ८१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात कृष्णाने एलापूर (म्हणजे वेरूळ) येथे उभारलेल्या देवालयाचे वर्णन आहे, आणि ते घडवणारा शिल्पीसुद्धा आपल्याच कामाने थक्क झाला, असे त्यात म्हटले आहे. अर्थात सगळे काम त्याच्याच काळात झाले की आधीच्या-नंतरच्या राजांचाही त्यात वाटा आहे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि चांगला माहितीपट ते लपवत नाही. याउलट राणी माणिकावतीची कथा घ्या. शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असा तिने नेम केला, आणि कोकस नावाच्या शिल्पीने वरून खाली कोरायला घेऊन आठवड्याच्या आत तिला शिखर दाखवले, अशी ही हकीकत कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात येते. तो ग्रंथ लेण्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी झाला. म्हणून कथा खोडून टाकू नये, कारण काम शिखराकडून पायाकडे झाले ही आठवण तिने नीट सांभाळली आहे. फक्त तिच्यापुढे ‘दंतकथा’ असे लिहावे आणि ताम्रपटापुढे ‘लेख’.

आकड्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. ‘१८ वर्षांत चार लाख टन दगड बाहेर काढला’ हे वाक्य अनेक चित्रफितींत ऐकू येते. ते आले की चित्र थांबवावे आणि हिशेब मांडावा. आवार सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे, आणि मागच्या बाजूला कडा सुमारे ३३ मीटर उंच आहे. सगळीकडे हीच उंची धरली, तरी अंदाजे १ लाख ३० हजार घनमीटर होतात, आणि घनमीटरला २.८ टन धरल्यास साडेतीन लाख टनांच्या थोडे वर जाते. प्रत्यक्षात डोंगर पुढच्या बाजूला उतरता आहे, आणि देऊळ तर मधोमध उभेच आहे. म्हणजे भोवतीची दालने धरूनही खरा आकडा चार लाखांच्या बराच खाली येतो. हा हिशेब शाळेतले मूलही करू शकते, आणि मुलांबरोबर पाहत असाल तर तो त्यांनाच करू द्यावा.

ड्रोनचे दृश्य मात्र इथे केवळ शोभेचे नाही. वरून पाहिल्यावर मंडपाच्या छतावर कोरलेले मोठे कमळ आणि त्याच्याभोवतीचे चार सिंह दिसतात, जे अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाला दिसत नाहीत. ज्यांनी छिन्नी लावली त्यांच्या हाताखाली आधी हाच भाग आला, त्यामुळे ही चौकट थांबवून तिचे वहीत कच्चे रेखाटन करावे.

मग प्रत्यक्ष जावे. वेरूळ मंगळवारी बंद असते. लेण्यांचा कडा पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर ऊन आत उतरते आणि कोरीव काम उठून दिसते. सोबत पाचच दृश्यांची यादी ठेवावी. दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतो ते शिल्प त्यात असावेच. पडद्यावर ते दिव्यांच्या उजेडात सपाट दिसते, पण समोर उभे राहिले की रावण किती खोल कपारीत कोंडलेला आहे आणि वर शिव-पार्वती किती उजेडात आहेत, हे अंतर एकदम जाणवते. जोत्यावरच्या हत्तींची रांग चालत पाहावी, कारण कॅमेरा त्यातले दोन-तीनच दाखवतो. नंतर मान वर करून गिलाव्याचे आणि रंगाचे उरलेले तुकडे शोधावेत. या लेण्याला रंगमहाल का म्हणत, ते त्या पोपड्यांवरून कळते.

अजिंठ्याला जोडून जाणाऱ्यांनी (ते सोमवारी बंद असते) एक लक्षात ठेवावे: माहितीपटातली चित्रे खास प्रकाशयोजनेत टिपलेली असतात, आत मात्र उजेड मंद असतो आणि फ्लॅश वापरता येत नाही. डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटे शांत उभे राहावे, मग भिंतीवरचे चेहरे हळूहळू पुढे येतात.

घरी परतल्यावर आठवड्याच्या आत तोच माहितीपट पुन्हा लावावा आणि वहीत चौथा रकाना आखावा: मी पाहिले, पण यात नाही. माझ्या वहीत तिथे पहिली नोंद छिन्नीच्या घावांची आहे, आवाराच्या मागच्या भिंतीवर अजून स्पष्ट दिसणाऱ्या.