‘विट’ म्हणजे नुसता विनोद नाही: हा इंग्लिश शब्द वापरताना या चुका टाळा

इंग्लिशमधला ‘विट’ हा शब्द दिसला की आपण बहुतेक जण डोळे झाकून ‘विनोद’ लिहून मोकळे होतो, फार तर ‘हजरजबाबीपणा’. बऱ्याचदा ते खपूनही जातं. पण मग ‘आउटविट’ (म्हणजे डोकं लढवून मात करणे), ‘हाफविट’, ‘अनविटिंगली’, ‘विटनेस’ असले त्याचे भाऊबंद येतात आणि गाडी अडते, कारण त्यात हसण्यासारखं काहीच नसतं. विटनेस म्हणजे साक्षीदार, त्या बिचाऱ्याचा विनोदाशी काय संबंध?

घोळ असा होतो की आपण शब्दाचा सगळ्यात नवा अर्थ घेतो आणि तोच मूळ अर्थ समजतो. जुन्या इंग्लिशमध्ये, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, विट म्हणजे डोकं, समज, अक्कल, भान. चतुर आणि गमतीशीर बोलणं हा अर्थ त्याला चिकटला तो सोळाव्या शतकाच्या मध्यावर, तोपर्यंत कित्येक शतकं हा शब्द बिनविनोदाचा सुखाने नांदत होता. म्हणून कुठेही विट दिसला की आधी तिथे ‘अक्कल’ किंवा ‘डोकं’ घालून वाक्य वाचून बघायचं, अर्थ लागला तर तिथेच थांबायचं, नाही लागला तरच विनोदाकडे वळायचं. निम्म्या चुका इथेच संपतात. उरलेल्या निम्म्या जरा मजेदार आहेत.

‘हा तर आपल्या संस्कृतमधूनच गेलाय!’

ही फॉरवर्डछाप चूक सगळ्यात जास्त दिसते. विट आणि संस्कृतचा ‘विद्’ धातू नात्यातले आहेत हे अगदी खरं, त्याच विद् वरून आपले वेद, विद्या, विद्वान आणि वेदनासुद्धा आली. पण हे नातं चुलत भावंडांचं आहे, आई-मुलाचं नाही. दोघांचाही उगम त्याहून जुन्या एका मूळ भाषेत धरतात आणि तिथे त्या धातूचा अर्थ होता बघणे. बघितलंय म्हणजे माहीत आहे, असा तो अर्थ ‘जाणणे’ वर सरकला. लॅटिनमध्ये त्याचं ‘बघणे’ शिल्लक राहिलं, त्यातून व्हिडिओ आणि व्हिजन आले, ग्रीकमधून आयडिया आणि हिस्टरी आले, आणि जर्मन-इंग्लिशच्या घरात वाइज, विझर्ड, विटनेस, विट हे सगळे राहिले.

उसनवारी नाही हे कशावरून, तर त्या शेवटच्या ‘ट’ वरून. संस्कृत आणि लॅटिनमध्ये जिथे द आहे तिथे इंग्लिशमध्ये नियमाने ट येतो: द्वि तसं टू, दश तसं टेन, अद् म्हणजे खाणे तसं ईट, पाद तसं फूट. जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम, हो तोच परीकथावाला, त्याने १८२२ मध्ये हे बदल नियम म्हणून नीट मांडले. इंग्लिशने विद् नंतर कधीतरी उचलला असता तर तो द घेऊनच आला असता, ‘व्हिडिओ’ लॅटिनमधून द (म्हणजे इंग्लिश ड) घेऊन आला तसा.

याच्याच शेजारची दुसरी चूक म्हणजे सुरुवातीला ‘वि’ किंवा ‘विद’ दिसलं की सगळ्यांना एका कुटुंबात कोंबायचं. विदूषक हा विद् पासून आलेला नाही, तो वि अधिक दूष्, म्हणजे खोड काढणारा, टर उडवणारा. विनोद हा वि अधिक नुद्, नुद् म्हणजे ढकलणे, दूर सारणे, तर कंटाळा दूर सारतो तो विनोद. आणि विदग्ध तर कमालच आहे, तो दह् पासून म्हणजे अक्षरशः ‘भाजून निघालेला’, आणि तरी संस्कृतमध्ये विदग्ध म्हणजे चतुर, रसिक, बोलण्यात तरबेज. अर्थाने इंग्लिश विटच्या सगळ्यात जवळ हाच जातो (संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाने वक्रोक्तीची, म्हणजे वळण देऊन बोलण्याची, व्याख्या करताना याच ‘वैदग्ध्या’चा आधार घेतलाय) पण व्युत्पत्तीने काडीचाही संबंध नाही. संस्कृत नाटकात ‘विट’ नावाचं एक पात्रही असतं, सुशिक्षित, गोडबोल्या, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. त्याचा आणि इंग्लिश विटचा संबंध जोडायचा मोह होतो खरा, पण तो शुद्ध बादरायण संबंध.

इंग्लिशच्या बाजूलाही असेच चकवे आहेत. ‘विडो’ आपल्या विधवेची नातलग आहे पण विटची नाही, तो धातूच वेगळा. जुन्या इंग्लिशमध्ये ‘विट’ असं एक सर्वनामही होतं, अर्थ ‘आपण दोघं’, संस्कृतसारखं द्विवचन, ते पुढे मेलं, त्याचाही अकलेशी संबंध नाही. आणि डचमध्ये विट म्हणजे पांढरा. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला विटवॉटर्सरँड विद्यापीठ आहे, त्याला सगळे नुसतं ‘विट्स’ म्हणतात, पण तिथे विट म्हणजे ‘पांढऱ्या पाण्याच्या कड्या’तला पांढरा. हे सांगायचं कारण असं की इंग्लिश साहित्याच्या अभ्यासात ‘युनिव्हर्सिटी विट्स’ नावाचा एक गट येतो आणि सर्च केलं की दोन्हींची खिचडी समोर येते. ते युनिव्हर्सिटी विट्स म्हणजे मार्लो, ग्रीन, नॅश, लिली, लॉज, पील, ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकून १५८० नंतर लंडनमध्ये लेखणीवर पोट भरणारी मंडळी, आणि ते नाव त्यांना मिळालं एकोणिसाव्या शतकात, त्यांनी स्वतः लावलेलं नाही. इथे विट म्हणजे माणूस, बुद्धिमान माणूस. तेव्हा ‘ही वॉज अ विट’ वाचून ‘तो एक विनोद होता’ असं लिहू नका, बिचाऱ्याचा अपमान होईल.

वाक्प्रचारांत पाय घसरतो तो असा

‘अ‍ॅट माय विट्स एन्ड’ चं ‘माझ्या विनोदाच्या शेवटाला’ असं भाषांतर मशीनने केलं तर समजू शकतो, माणसाने करू नये. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये १०७ व्या स्तोत्रात हा वाक्प्रचार येतो: समुद्रात वादळ उठलंय, जहाज आकाशापर्यंत वर जातंय आणि परत खोल आपटतंय, खलाशी दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खातायत, आणि त्यांची अक्कल संपलीये, आता काय करायचं ते सुचत नाहीये. मराठीत सरळ ‘डोकंच चालेना’ किंवा ‘हात टेकले’. ‘स्केअर्ड आउट ऑफ माय विट्स’ ला आपल्याकडे ‘पाचावर धारण बसली’ असा तयार मालच आहे, ‘कीप युअर विट्स अबाउट यू’ म्हणजे डोकं ठिकाणावर ठेव, ‘मदर विट’ म्हणजे उपजत शहाणपण, आईने केलेला जोक नव्हे. हाफविट तर मराठीत जसाच्या तसा बसतो: अर्धवट.

‘विटलेस’ म्हणजे विनोदबुद्धी नसलेला नाही, बिनडोक. ‘अनविटिंगली’ म्हणजे नकळत, यात जुन्या क्रियापदाचा ‘जाणणे’ हा अर्थ अजून जिवंत आहे.

करारात किंवा कोर्टाच्या कागदात ‘टू विट’ असं दिसलं की लोक हमखास गडबडतात. त्याचा अर्थ ‘म्हणजेच’, ‘अर्थात’, पुढे यादी किंवा खुलासा येतो एवढंच. लॅटिन ‘व्हिडेलिसेट’, ज्याचं ‘व्हिझ’ असं छोटं रूप आपण अजून बघतो, त्याच्या जागी हे वापरायचे, आणि गंमत म्हणजे त्या लॅटिन शब्दातही तोच बघण्याचा धातू आहे.

‘फाइव्ह विट्स’ ला पंचेंद्रिये म्हणायची चूक जरा समजून घेण्यासारखी आहे, कारण सुरुवातीला तो अर्थ होताही. पण पुढे त्याचा दुसरा अर्थ रूढ झाला, मनाच्या पाच शक्ती: सामान्य समज, कल्पना, कल्पनाविलास, अंदाज आणि स्मरण. शेक्सपिअरने १४१ व्या सुनीतात ‘माझी पाच विट्स’ आणि ‘माझी पाच इंद्रियं’ अशी दोन्ही वेगवेगळी मोजलीयेत, तिथे दोन्हीला पंचेंद्रिये लिहिलंत तर ओळच कोसळते.

‘ब्रेव्हिटी इज द सोल ऑफ विट’ कुठेही चिकटवणं

‘जोक छोटा असावा’ या अर्थाने हे वाक्य सर्रास फिरतं. हॅम्लेट उघडून बघा, दुसरा अंक, दुसरा प्रवेश. बोलतोय पोलोनियस, दरबारातला म्हातारा. त्याला राजा-राणीला सांगायचंय एवढंच की तुमचा मुलगा वेडा झालाय. सुरुवात काय करतो, तर राजेपण म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, दिवस हा दिवस का, रात्र ही रात्र का आणि काळ हा काळ का याची चर्चा करत बसणं म्हणजे रात्र, दिवस आणि काळ वाया घालवणं आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. मग हे प्रसिद्ध वाक्य. आणि नंतरही पाल्हाळ चालूच, शेवटी राणीच त्याला तोडते की बाबा रे, अलंकार कमी आणि मुद्दा जास्त. म्हणजे एक तर इथे विट हा शहाणपणाच्या अंगाने आलाय, आणि दुसरं म्हणजे खरा विनोद वाक्यात नाहीच, ते कोण म्हणतंय यात आहे. वाक्य वापरू नका असं नाही, पण शेक्सपिअरचा उपदेश म्हणून वापरू नका.

जुन्या लेखनात आजचा अर्थ घुसडणं

सतराव्या-अठराव्या शतकातलं काही वाचत असाल तर इथे जरा दम धरा. त्या काळात विट हा भांडणाचा विषय होता. इंग्लिश तत्त्वज्ञ लॉकने १६९० च्या आपल्या मोठ्या निबंधात म्हटलं की विट म्हणजे लांबलांबच्या कल्पनांतलं साम्य पटकन पकडून त्या एकत्र आणणं, आणि विवेक म्हणजे याच्या उलट, सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक ओळखणं. यात हसू कुठेच नाही बघा. १७११ मध्ये कवी अलेक्झांडर पोपने समीक्षेवरच्या कवितेत विट इतक्या वेळा आणि इतक्या अर्थांनी वापरलाय की एकच मराठी शब्द धरून भाषांतर केलं तर हाती काही लागायचं नाही, कुठे प्रतिभा, कुठे बुद्धी, कुठे कवी स्वतः, कुठे चमकदार बोलणं.

त्याच वर्षी निबंधकार अ‍ॅडिसनने ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात खरं विट आणि खोटं विट असे भाग पाडले. कल्पनांचं साम्य असेल तर खरं, नुसतं अक्षरांचं किंवा आवाजाचं साम्य असेल तर खोटं, म्हणजे आपल्या शाब्दिक कोट्या सगळ्या खोट्यात. त्याची परीक्षा पण भारी आहे: वाक्याचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करा, गंमत टिकली तर ते खरं, उडून गेली तर ती कोटी होती. मला स्वतःला हे जरा अति कडक वाटतं, चांगली कोटी सुचायलाही डोकं लागतंच, पण भाषांतर करणाऱ्यासाठी ही चाचणी फार कामाची आहे, कुठली ओळ तशीच नेता येईल आणि कुठे नवीन कोटी रचावी लागेल हे लगेच कळतं.

विट, ह्यूमर, सार्कॅझम एकाच पोत्यात

ह्यूमर हा मुळात ओलावा. लॅटिनमध्ये द्रव, मग शरीरातले चार द्रव, त्यांच्या कमीजास्त प्रमाणावरून माणसाचा स्वभाव, मग लहर, मग लहरीपणाची गंमत, असा तो फिरत आलाय. म्हणून ह्यूमर माणसात असतो आणि विट वाक्यात. इंग्लिश समीक्षक हॅझलिटने १८१९ मध्ये साधारण असंच सांगितलं की हास्यास्पद गोष्ट जशी आहे तशी दाखवणं हा ह्यूमर, आणि दुसऱ्या कशाशी तुलना करून ती उघडी पाडणं हे विट. सार्कॅझमचा ग्रीक अर्थ मांस फाडणे, त्यामुळे तो कुणाला तरी लागलाच पाहिजे. टोमणा तो सार्कॅझम, शालजोडीतला मारला तर विटच्या जवळ गेलात. आणि अमेरिकन लेखिका डोरोथी पार्कर, जी स्वतः यासाठीच प्रसिद्ध होती, तिने अजून एक रेघ ओढली: विटमध्ये सत्य असतं, नुसती टपलीबाज वाक्यं म्हणजे शब्दांची कसरत.

जर्मन ‘विट्झ’ ला विट समजणं ही पण जुनी चूक. दोघं सख्खे, दोघंही अकलेपासून निघाले, पण आजच्या जर्मनमध्ये विट्झ म्हणजे साधा जोक, कसलाही, फालतूसुद्धा. फ्रॉइडचं यावरचं पुस्तक १९०५ चं, त्याच्या १९१६ च्या इंग्लिश भाषांतराच्या नावात ‘विट’ होतं, आणि १९६० च्या भाषांतरात ते बदलून ‘जोक्स’ केलं, कारण इंग्लिश विट फार सोवळं पडतं. ‘ट्रेपेनविट्झ’ म्हणजे जिन्यावरचं विट, ही कल्पना मूळ फ्रेंच विचारवंत दिदरोची: समोर कुणी बोललं तेव्हा तोंड बंद आणि जिना उतरताना जबरदस्त उत्तर सुचतं, आपला ‘बैल गेला आणि झोपा केला’. पण हल्लीच्या जर्मनमध्ये तो शब्द नियतीच्या क्रूर थट्टेसाठीही वापरतात, तेव्हा संदर्भ बघून घ्या.

स्पेलिंगचं एक सांगतो. ‘नॉट अ व्हिट’ मधला व्हिट ऐकायला सारखा पण त्यात एक जादा एच आहे आणि तो वेगळाच शब्द, अर्थ ‘यत्किंचित’. ‘विट्स एन्ड’ मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी एसच्या आधी पण दिसतो, नंतर पण दिसतो, अजिबात न देणं मात्र चूक.

आणि शेवटची चूक भाषेची नाही, नावाची आहे. कुठलंही चलाख वाक्य दिसलं की ते वाइल्ड, ट्वेन किंवा चर्चिलच्या नावावर खपवायचं. ‘मी तुमची बायको असते तर तुमच्या कॉफीत विष घातलं असतं’, ‘मी तुमचा नवरा असतो तर ती प्यायलो असतो’ हा चर्चिल आणि ब्रिटिश खासदार लेडी अ‍ॅस्टरचा म्हणून सांगितला जाणारा संवाद १९०० च्या आसपास अमेरिकन वर्तमानपत्रांत बिननावाचा जोक म्हणून छापून येत होता, तेव्हा ती अजून लेडी अ‍ॅस्टर झालीही नव्हती. नावाची खात्री नसेल तर ‘एक जुना किस्सा’ एवढं लिहिलं तरी भागतं.