फिस्टुलाला फार-इन्फ्रारेड शेक कसा द्यावा

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जोडणी. तिला शेक देण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टचा (किडनीच्या डॉक्टरांचा) होकार घ्या. घरातला शेकायचा लाल बल्ब इथे चालत नाही. फिस्टुलासाठी साधारण 3 ते 25 मायक्रोमीटर लांबीची, डोळ्यांना न दिसणारी किरणे लागतात. लाल उजेडावरून दिव्याची पारख करायला सांगणाऱ्याचे ऐकू नका.

फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर तपासा. ती लागत नसेल तर शेक देऊ नका, डॉक्टरांना लगेच कळवा. गुठळीने बंद झालेला फिस्टुला शेकून उघडत नाही, उलट हातचा वेळ जातो. लाली, पू किंवा नवी सूज दिसली तरी शेक नको.

डायलिसिस सुरू होऊन सुया टेपने पक्क्या झाल्या की दिवा फिस्टुलावर आणा.

खरी कसोटी अंतराची. मलाही सुरुवातीला हेच जड गेले. दिवा त्वचेपासून साधारण 25 सेंमीवर हवा. अंतर त्वचेपासून मोजा, गादीपासून नाही, आणि मोजपट्टीनेच मोजा. पेशंट जरा कुशीवर वळला किंवा हाताखाली उशी आली की हात दिव्याच्या जवळ जातो, म्हणून दर दहा मिनिटांनी अंतर पुन्हा बघा. "जवळ घेतला की लवकर गुण येतो" हे साफ चूक आहे. जवळ घेतल्याने फक्त त्वचा भाजते.

मधुमेह असलेल्यांची जास्त काळजी घ्या. नसांची संवेदना कमी झाली की चटका कळत नाही, त्यामुळे "भाजतंय का?" एवढे विचारून भागत नाही. आपल्या हाताची मागची बाजू त्यांच्या त्वचेला लावा, रंग बघा. आणि थंडी वाजते म्हणून त्या हातावर चादर मुळीच टाकू नका! चादरीखाली सुई निसटली तर रक्त वाहत राहते आणि कोणाला दिसतही नाही. त्यात जीव जाऊ शकतो.

40 मिनिटांनी दिवा बंद. आठवड्यातून तीनदा पुरे.

फरक एका बैठकीत दिसत नाही. तैवानमधल्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच पद्धतीने वर्षभर शेक दिला होता. त्यात फिस्टुलातला रक्तप्रवाह वाढला आणि बिघाड कमी झाले. म्हणून सुरुवातीलाच डॉप्लरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) प्रवाह मोजून घ्या, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? मध्येच थरथरीऐवजी ठणठण उडणारी नाडी लागू लागली, तर फिस्टुलाच्या पुढची शीर अरुंद झाली असण्याची शक्यता असते. तेव्हा शेकाच्या भरवशावर न राहता त्याच दिवशी डॉक्टरांना हात दाखवा.