आधी रॉड नीट उचला, मग डब्याचं बघू

जिमला नाव घातलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "भावा, कुठला डबा चालू आहे?" डबा म्हणजे प्रोटीनचा, पोळीभाजीचा नव्हे. मी पण घेतला होता, पहिल्याच महिन्यात, काउंटरवरचा पोरगा "रिझल्ट पाहिजे तर घ्यावाच लागतो" म्हणाला म्हणून, आणि तेव्हा माझं स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन खाली बसून उठायचं ते) म्हणजे काय तर रॉडवर प्लेटा लावायच्या, गुडघे जरासे मोडायचे, हुं करून वर यायचं आणि वहीत लिहायचं ६० किलो. आठ महिन्यांनी एका मित्राने बाजूने व्हिडिओ काढून दाखवला, मी बसतच नव्हतो, नुसता नमस्कार केल्यासारखा वाकत होतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटा काढल्या आणि रिकाम्या रॉडवर आलो, नीट खाली बसून ६० व्हायला पुढे पाच महिने गेले. त्या आठ महिन्यांत किती डबे संपवले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

तर आता पहिल्यापासून.

सगळ्यात आधी तुमच्या जिममधला रॉड किती किलोचा आहे ते बघा. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा असतो पण गल्लीतल्या जिममध्ये १० पासून १८ पर्यंत काहीही मिळतं, वजनकाट्यावर एकदा उभे राहा आणि मग रॉड हातात घेऊन उभे राहा, फरक लिहून ठेवा. हे कशाला तर नंतर दुसऱ्या जिमला गेलात की एकदम ताकद कमी झाली असं वाटून डोकं खराब होतं, म्हणून.

दुसरं म्हणजे श्वास, हे कोणी शिकवतच नाही. रेप, म्हणजे व्यायामाची एक पूर्ण खाली-वर, सुरू करायच्या आधी पोटात दम भरा, छातीत नाही, आणि कोणीतरी पोटात बुक्का मारणार आहे अशा बेताने पोट चारी बाजूंनी कडक करा, तसाच दम धरून खाली जा, वर येताना अवघड टप्पा गेला की सोडा. पोट असं कडक असलं की कण्याला आतून आधार मिळतो. पट्टा पण त्यासाठीच असतो, पोटाने त्याला आतून ढकलायचं असतं, कंबर बारीक दिसावी म्हणून आवळायचा नसतो, आणि सुरुवातीचे काही महिने त्याची गरजच नाही. बीपीचा त्रास आहे, हर्निया आहे त्यांनी मात्र असा दम धरून वजन उचलायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, कारण दम धरला की तेवढ्यापुरतं बीपी बरंच वर जातं.

स्क्वॉट

आपल्याकडे तालमीत बैठका मारायची सवय, आणि बैठकीत टाच उचलते, वजन चवड्यावर येतं, ते तिथे बरोबरच आहे कारण पाठीवर काही नसतं. रॉड घेतला की टाच जमिनीला चिकटलेली पाहिजे. वजन तळपायाच्या मधोमध, अंगठा, करंगळी आणि टाच तिन्ही जमिनीवर दाबलेली. पाय खांद्याएवढे लांब, पंजे थोडे बाहेर, आणि गुडघे पंजे जिकडे तिकडेच जाणार, आत पडू द्यायचे नाहीत. "गुडघा पायाच्या बोटाच्या पुढे गेला नाही पाहिजे" हे वाक्य अजून प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं, पण लांब मांडीच्या माणसाचा गुडघा पुढे जाणारच, जबरदस्तीने मागे ठेवलात तर छाती पुढे झुकते आणि सगळा भार कंबरेवर येतो. जिना उतरताना पण गुडघा बोटांच्या पुढे जातोच की.

किती खाली जायचं? खुब्याची घडी गुडघ्याच्या वरच्या कडेपेक्षा जरा खाली गेली पाहिजे. देशी संडासावर लहानपणापासून बसलेल्या माणसाला हे जमायला फार त्रास होत नाही, कमोडवर वाढलेल्यांना होतो. टाच उचलत असेल तर टाचेखाली अडीच किलोच्या दोन प्लेटा ठेवा, चालतं, त्यात लाज काही नाही. आणि सगळ्यात खाली गेल्यावर कंबर आत वळून पाठीचा बाक होत असेल तर त्याच्या दोन इंच वर थांबा, तुमची खोली सध्या तेवढीच.

डेडलिफ्ट

जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहायचं, आणि कंबर धरली म्हणून ज्याला शिव्या बसतात तो व्यायाम. मुळात वाकायचं कंबरेतून नसतं, खुब्यातून असतं. दोन्ही हातात सामानाच्या पिशव्या आहेत आणि दार ढुंगणाने लोटायचंय, ती जी हालचाल आपण करतो ना, तीच. भिंतीपासून फूटभर पुढे पाठ करून उभे राहा, गुडघे जरा सैल, आणि ढुंगण मागे नेऊन भिंतीला टेकवून बघा, मग अजून चार बोटं पुढे सरका आणि पुन्हा. पंधरा-वीस वेळा केलं की मांडीच्या मागचा भाग ताणलेला कळतो, तो कळल्याशिवाय रॉडला हात लावू नका.

मग रॉड. तो पायाच्या बरोबर मध्यावर, नडगीपासून साधारण इंचभर लांब. खाली जाऊन धरा, नडगी रॉडला टेकवा, काखेत वर्तमानपत्र दाबून धरल्यासारखे दंड अंगाला चिकटवा, छाती वर, दम भरा, आणि जमीन पायाने खाली ढकलतोय असं समजून उठा. रॉड नडगी-मांडीला घासतच वर आला पाहिजे, अंगापासून लांब गेला की कंबर गेली. वर आल्यावर मागे झुकायचं नाही, नुसतं सरळ उभं राहायचं.

आणि एक गोष्ट जी मला दोन वर्षांनी कळली. मोठ्या २० किलोच्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटर उंच राहतो. नवीन माणूस १०-१० च्या लहान लोखंडी प्लेटा लावतो, रॉड जातो अगदी खाली, तिथून उचलताना पाठ गोल होणारच, चूक त्याची नसतेच. दोन्ही बाजूंना खाली जाड प्लेटा किंवा लाकडी ठोकळे ठेवा आणि रॉड नडगीच्या मध्यापर्यंत उंच करून घ्या. बस्स, निम्म्या लोकांचा फॉर्म एवढ्यानेच सुधारतो.

बाकीचे

बेंच प्रेसला, म्हणजे झोपून रॉड छातीवरून वर ढकलायला, बाकावर आडवे झालात की खवाटे, म्हणजे पाठीवरची ती दोन पाती, मागे आणि खाली खेचून बाकाला दाबून ठेवा, पाय जमिनीत रोवलेले, कोपरं अंगापासून पंचेचाळीस ते साठ अंशात, पूर्ण काटकोनात बाहेर काढाल तर काही महिन्यांनी खांदा बोलायला लागतो. अंगठा रॉडभोवती गुंडाळायचाच, अंगठा न लावता धरणारे लोक बघितले की मला धडकी भरते, रॉड सटकला तर सरळ छातीवर किंवा गळ्यावर. एकटे असाल आणि स्पॉट द्यायला, म्हणजे अडकलात तर रॉड धरायला, कोणी नसेल तर प्लेटा अडवणारे लॉक रॉडला लावू नका, अडकलात तर एका बाजूला कलता करून प्लेटा खाली सोडता येतात, आवाज होईल, होऊ दे. खांद्याचा प्रेस, म्हणजे रॉड डोक्यावर ढकलायचा तो, उभ्याने मारताना कुल्ले आणि पोट आवळा म्हणजे कंबर मागे वाकत नाही. वाकून रॉड पोटाकडे ओढायचा त्या रो मध्ये झोका देऊ नका. झालं.

हे पाच व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. प्रत्येकाचे तीन सेट, ५ ते १० रेप, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण आराम, तेवढ्यात मोबाईल बघा नाहीतर गप्पा मारा पण अर्ध्या मिनिटात पुढचा सेट मारून घाम जास्त येतो ताकद नाही. सेट संपताना अजून दोन रेप निघाले असते अशा ठिकाणी थांबायचं. तिन्ही सेटमध्ये ठरवलेले रेप निघाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, डेडलिफ्टला सुरुवातीला पाच चालतात. जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा नसतील तर दोन विकत घेऊन बॅगेत ठेवा, डब्याच्या पैशापेक्षा हे पैसे जास्त कामी येतात. आणि वही ठेवा. गेल्या मंगळवारी किती मारले ते आठवत नसेल तर या मंगळवारी वाढवणार काय?

आता डबा

प्रोटीन लागतं, यात वाद नाही. बैठं काम करणाऱ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं आपल्याकडचं अधिकृत प्रमाण आहे, वजन मारणाऱ्याला जास्त. २०१८ साली ४९ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा वाढताना दिसला नाही. म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला ११२ ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं, मांडून बघू. चार अंडी २४ ग्रॅम, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, अर्धा लिटर दूध १६, शंभर ग्रॅम पनीर १८, चार पोळ्या १२, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ ११-१२, आणि मूठ-दीड मूठ फुटाणे १०. झाले की ११७. चिकन-मासे खाणाऱ्याला तर अजून सोपं, आणि कोकणातल्या लोकांनी सुकट विसरू नये. शेंगदाण्यावर मात्र फार भरवसा ठेवू नका, शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन खरं पण सोबत जवळजवळ पन्नास ग्रॅम तेल येतं.

म्हणजे व्हे घ्यायचाच नाही का? घ्या की, पण कशासाठी ते कळून घ्या. चीज करताना जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन वाळवलं की व्हे, घरी पनीर केल्यावर पातेल्यात राहतं ना ते हिरवट पाणी, तेच. औषध वगैरे काही नाही, दुधाचाच प्रकार. अंडी न खाणारा, सकाळी सातची लोकल पकडणारा, हॉस्टेलच्या पातळ वरणावर जगणारा, त्याच्या दिवसातले २४-२५ ग्रॅम एका स्कूपने भरून निघतात, एवढाच उपयोग. जेवणातच पुरतंय तर वरून स्कूप टाकून वेगळं काही होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी टाळाच म्हटलंय, मला ते जरा कडक वाटतं, पण बाजारातला माल बघितला तर त्यांचा राग कळतो. त्याच वर्षी केरळमधल्या डॉक्टरांनी आणि सोबतच्या मंडळींनी भारतात विकले जाणारे ३६ डबे तपासले तर साधारण ७० टक्क्यांवर लिहिलेलं आणि आत असलेलं प्रोटीन जुळत नव्हतं. त्यामुळे घेणार असाल तर साधा व्हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे कमी गाळलेला व्हे, घ्या, स्कूपचं वजन आणि त्यातलं प्रोटीन यांचा भागाकार करा, ७० टक्क्यांच्या आसपास आलं पाहिजे, ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये १२ ग्रॅम म्हणजे तुम्ही साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चची पावडर) घेताय. घटकांच्या यादीत ग्लायसीन, टॉरिन असं वेगळं टाकलेलं दिसलं तर ठेवून द्या, तपासणीत प्रोटीन म्हणूनच मोजली जाणारी स्वस्तातली अमिनो ॲसिडं मिसळून आकडा फुगवायची जुनी युक्ती आहे. आणि मास गेनर नावाचा पाच किलोचा ड्रम बघून हसा, त्यात बहुतेक पीठसाखरच असते, त्यापेक्षा दोन केळी, दूध आणि वर तुपाची पोळी.

खरोखर पैसे टाकण्यासारखी एकच पावडर, क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे स्नायूत साठणारा आणि मांस-माशातही असणारा पदार्थ. साधी, बिनचवीची, रोज ३ ते ५ ग्रॅम, कधीही, पाण्यात नाहीतर ताकात. आठवडाभर रोज २० ग्रॅम घेऊन लोड करा असं सांगतात, त्याने लवकर भरतं एवढंच, नाही केलं तरी तीन-चार आठवड्यांत स्नायू भरतातच आणि पोट पण बिघडत नाही. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूत मुळातच हे कमी असतं त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. फरक म्हणजे किती, तर शेवटचा एखाद-दुसरा रेप. पहिल्या महिन्यात किलो-दीड किलो वजन वाढेल, ते स्नायूत धरलेलं पाणी असतं, घाबरू नका आणि बॉडी आली म्हणून फोटो पण टाकू नका.

प्री-वर्कआऊट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची पावडर, ही मुख्यतः कॅफिन, आणि चेहऱ्याला मुंग्या येतात त्या बीटा-ॲलॅनिनमुळे, त्याचा आठ रेपच्या सेटला काही उपयोग नाही. कडक कॉफी घ्या अर्धा-पाऊण तास आधी, पण संध्याकाळी सातनंतर जिम असेल तर ती पण नको, झोप जाते, आणि झोप गेली की बाकी सगळं वाया. बीसीएए म्हणजे तीन अमिनो ॲसिडांची पावडर, पुरेसं प्रोटीन खात असाल तर रंगीत पाणी. फॅट बर्नर, टेस्टोस्टेरॉन बूस्टर, नाही, नाही. त्यापेक्षा व्हिटॅमिन डी आणि बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी आणि दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांमध्ये हे दोन्ही कमी निघायची शक्यता बरीच असते, आणि कमी निघालं तर डॉक्टर देतील ती गोळी कुठल्याही डब्यापेक्षा स्वस्त.

जिममध्ये कोणी हळूच इंजेक्शनचं नाव काढलं, मेफेंटरमाईन म्हणा किंवा दुसरं काही, तर तिथून निघा. ते ऑपरेशनच्या वेळी घसरलेलं बीपी वर आणायचं औषध आहे, निरोगी पोराच्या हृदयाला त्याची काही गरज नाही, आणि आपल्याच राज्यात ते चोरून विकणाऱ्यांना पोलिसांनी कितीदा धरलंय.

शेवटी एक राहिलं, क्रिएटिन घेत असाल आणि ऑफिसच्या हेल्थ चेकअपला गेलात तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला मोजतात ते) थोडं वर दिसू शकतं, आदल्या दिवशी जोरात लेग मारले असतील तर अजून. रिपोर्ट बघून घरात रडारड होण्याआधीच डॉक्टरला सांगून टाका की मी हे हे घेतो, ते हवं तर सिस्टॅटिन-सी ची टेस्ट करून किडनीचं वेगळं बघतील. किडनीचा आधीपासून त्रास असेल किंवा शुगर असेल तर मात्र उलटं, आधी डॉक्टर, मग डबा.