किडनीचा आजार आणि बटाट्याची भाजी

डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं की घरात बटाटा पहिला बंद होतो. बहुतेकदा शिजवण्याची पद्धत बदलली तरी भागतं.

१. बटाटा सोलून पातळ काचऱ्या करा. अख्खा, सालीसकट कुकरला लावला तर पोटॅशियम बरंचसं आतच राहतं.
२. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळी आणा आणि ते पाणी ओतून द्या.
३. नवं पाणी घालून मऊ शिजवा. तेही ओता, मग फोडणीला टाका.

नुसतं भिजवून ठेवण्यापेक्षा उकळण्याने जास्त फरक पडतो. ओतायचं पाणी आमटीत किंवा कणकेत वापरू नका. जिवावर येतं, पण निघालेलं पोटॅशियम त्यातच उतरलेलं असतं. बुधवारी गंगेवरच्या (नाशिकच्या गोदाकाठच्या) बाजारातून आणलेली मेथी-पालकही चिरून, उकळून, पिळून घ्या. भाजी थोडी सपक होते. जिरं, लसूण, हिरवी मिरची सढळ हाताने घाला.

पोटॅशियम कमी होतं, संपत नाही. त्यामुळे किती खायचं ते आहारतज्ज्ञांनाच विचारा. आणि चवीसाठी ‘कमी सोडियमचं’ मीठ मुळीच आणू नका: त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा.